कोरड्या माशीचे सोवळे

एखादी गोष्ट परंपरा म्हणून आपल्यापुढे ठेवली गेली, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिला पहिला प्रश्न वयाचा विचारावा. आजचा धागा याच प्रश्नाचा आहे, उदाहरण मात्र आपल्या नेहमीच्या विषयांपासून दूरचे: दक्षिण इंग्लंडमधील हॅम्पशर परगणा, तिथल्या टेस्ट आणि इचेन या नद्या, त्यांतले ट्राउट मासे, आणि गळाच्या आकड्यावर पिसे बांधून केलेली नखाएवढी कृत्रिम माशी. ही माशी पाण्यावर तरंगावी की पाण्याखाली जावी, यावरून सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसे पाव शतकाहून अधिक काळ भांडली. माझे मत आधीच सांगतो. त्या भांडणात जिला सनातन नीती म्हटले गेले, ती जेमतेम दोन पिढ्यांपूर्वीची एक उत्तम युक्ती होती.

आधी ही विद्या काय आहे ते पाहू. साध्या गळाला शिशाचा तुकडा असतो. त्याचे वजन दोरीला ओढत दूर नेते. कृत्रिम माशीला वजनच नसते. म्हणून इथे दोरी जड ठेवतात आणि फेकतात तीही दोरीच. माशी तिच्या टोकाला धरून जाते. काठी मागे नेली की दोरी पाठीमागे हवेत उलगडते. ती सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग काठी पुढे आणायची. ज्याला थांबवत नाही, त्याची दोरी त्याच्याच पायाशी गोळा होऊन पडते. पुढची अडचण पाण्याची. प्रवाह दोरीला ओढतो, दोरी माशीला ओढते, आणि माशी किंचित जरी तिरकी घसरली तरी ट्राउट तोंड फिरवतो. या छंदाचा आनंद मासा हाती लागण्यात थोडा आणि फसवणूक निर्दोष वठण्यात फार आहे.

आता वय. इसवी सन २०० च्या सुमारास इलियन या रोमन लेखकाने ग्रीक भाषेत प्राण्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात मॅसिडोनियातील अॅस्ट्रेयस नदीवरच्या कोळ्यांचे वर्णन येते. तिथले ठिपकेदार मासे पाण्यावर बसणारी एक माशी टिपतात; ती माशी हातात धरली तर तिचा रंग आणि पंख बिघडतात; म्हणून कोळी गळाच्या आकड्यावर लाल लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसे बांधतात. काठी सहा फूट, दोरीही तेवढीच. इलियन इटलीबाहेर कधी गेला नव्हता, तेव्हा ही ऐकीव माहिती. तरी या कलेचे सविस्तर वर्णन प्रथम सापडते ते निनावी कोळ्यांच्या हातात, कोणा उमरावाच्या नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या मत्स्यप्रबंधात बारा माश्या दिल्या आहेत, कोणत्या महिन्यात कोणती ते सांगून. (तो डेम ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीने लिहिला असे सर्रास सांगितले जाते, त्याला भक्कम आधार नाही.) आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ चे, पण त्यातला माशीचा खरा जाणकार भाग चार्ल्स कॉटनने १६७६ च्या आवृत्तीत घातला. या सगळ्या शतकांत माशी तरंगली तर तरंगली, बुडाली तर बुडाली. कोणाचाही धर्म बुडत नव्हता.

सोवळे आले ते फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या पिढीत. सधन व्यापारी घराण्यातल्या या माणसाने जॉर्ज मॅरियट या मित्राबरोबर हॅम्पशरच्या नद्यांवरील कीटकांचा अतिशय बारकाईने अभ्यास केला आणि १८८६ व १८८९ मध्ये दोन ग्रंथ लिहिले. (मॅरियट यांनी पुस्तकावर आपले नाव घालू दिले नाही. अशी माणसे इतिहासात तळटीप होऊन राहतात.) कोरडी माशी ही हॅलफर्ड यांची कल्पना नव्हे, जॉर्ज पुलमन यांच्या १८५१ च्या आवृत्तीत ती आहे. हॅलफर्ड यांनी तिचे शास्त्र केले. पृष्ठभागावर येऊन कीटक टिपणारा मासा आधी डोळ्यांनी हेरायचा. तो जो कीटक खात आहे त्याचीच हुबेहूब प्रतिकृती बांधायची. आणि प्रवाहाच्या वरच्या दिशेला फेकून ती तरंगत त्याच्याकडे येऊ द्यायची. चुनखडीतून झिरपून येणाऱ्या त्या काचेसारख्या पाण्यात ही पद्धत देखणी दिसते, यात शंका नाही.

पिसे हा स्वतंत्र विषय आहे, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोरड्या माशीला कोंबड्याच्या मानेची ताठ पिसे लागतात. सॅल्मनसाठीच्या भपकेदार व्हिक्टोरियन माश्यांत मात्र मानाचे स्थान होते ते आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील मिन्यासारखे ठिपके असलेल्या पिसांना. ती भारतातून जात. पुढे त्या निर्यातीवर बंदी आली.

हॅलफर्ड यांच्या शिष्यांनी युक्तीचा कायदा केला. बुडणारी माशी वापरणे हे अडाणीपणाचे आणि मग अनीतीचे लक्षण ठरले. जॉर्ज स्क्यूज हे पेशाने वकील. इचेनवर त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ मासे पकडले. पकडलेल्या ट्राउटच्या पोटातील अन्न ते हाडातला मगज काढण्याच्या लांबट चमच्याने बाहेर काढून पाण्यात पसरून पाहत. तिथे त्यांना दिसत होते ते निम्फ, म्हणजे पंख फुटण्यापूर्वीचे पाण्याखाली राहणारे कीटक. आणि ते साहजिकच होते. मे-फ्लाय या कीटकाचे आयुष्य बहुतेक सगळे पाण्यात जाते. पंख घेऊन तो जगतो एखाद-दोन दिवस. ट्राउटने उपाशी राहून त्या दिवसांची वाट पाहावी, अशी अपेक्षा फक्त ग्रंथातच करता येते. १९१० मध्ये स्क्यूज यांनी पहिले पुस्तक लिहिले, तेही फार सौम्य सुरात. हॅलफर्ड यांना ते पटले नाही आणि १९१४ मध्ये ते वारले. त्यांच्यामागे उरले ते बाबावाक्यं प्रमाणम्.

फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या नद्यांवर निम्फ वापरणे योग्य की अयोग्य, यावर रीतसर चर्चा झाली. स्क्यूज तेव्हा ७९ वर्षांचे होते. विरोधकांचा मुद्दा मी हलका समजत नाही: दिसणाऱ्या माशालाच गळ टाकण्यात एक संयम आहे, आणि वाटेल तशी बुडती माशी ओढत नेणाऱ्याला तो नसतो. परंतु स्क्यूज यांची पद्धत तशी नव्हतीच. तेही मासा हेरत, तेही वरच्या दिशेलाच फेकत. त्यांच्याविरुद्ध खरा आक्षेप एवढाच उरतो की त्यांच्या युक्तीला मासे जास्त लागत. नदीचा काठ भाड्याने घेऊन मोजक्या सभासदांत वाटून खाणाऱ्या मंडळींना ही तक्रार नीतीच्या भाषेत मांडणे सोयीचे होते, असे मला वाटते. माशाच्या पोटातला पुरावा समोर असताना चर्चा चालली ती सभ्यतेची. त्या हंगामानंतर स्क्यूज यांनी इचेनवरची आपली जुनी जागा सोडली, आणि १९३९ मध्ये निम्फवर आणखी एक पुस्तक लिहिले.

पुढचा धडा क्लबाबाहेर लिहिला गेला. विल्टशरमधील एव्हन नदीचा पगारी राखणदार फ्रँक सॉयर रोज पाण्यात उभा असे. त्याने तितराच्या भावकीतल्या फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू घेतले, दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरली, आणि त्या तारेच्या वजनानेच बुडणारा निम्फ बांधला. आज जगभरच्या ट्राउट नद्यांवर तो वापरला जातो. हॅम्पशरमध्येही चालतो, मात्र तिथल्या अनेक काठांवर १ जुलै उजाडेपर्यंत निम्फला मनाई आहे, आणि त्यानंतरही तो प्रवाहाच्या वरच्या दिशेलाच टाकावा लागतो.