तापातील ॲस्पिरिन

गोदातीरावरील मंचेरियल गावी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एकाच घरातील चौघे जण पंधरवड्याच्या आसपास डेंग्यूने दगावले. पुढच्याच वर्षी कोरोना आला. त्या चौघांच्या उपचारांविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु ताप आणि अंगदुखी यांनीच सुरू होणाऱ्या या दोन आजारांत ॲस्पिरिनचे स्थान काय, हे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होतात, ॲस्पिरिन त्यांना अटकाव करते, तेव्हा तिने रुग्ण वाचतील, हा तर्क सरळ होता. २०२० मध्ये अमेरिकेतील सुमारे चारशे रुग्णांच्या नोंदींवरून त्याला पुष्टीही मिळाल्यासारखे वाटले. पण जुन्या नोंदी चाळणे वेगळे आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडून औषध पारखणे वेगळे. ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या 'रिकव्हरी' चाचणीत रुग्णालयांत दाखल झालेले सुमारे १५ हजार रुग्ण असे विभागले गेले. निम्म्यांना रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन मिळाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: अठ्ठावीस दिवसांत दोन्ही गटांत शेकडा १७ मृत्यू. हजारी सुमारे सहा जणांच्या गुठळ्या टळल्या, आणि तितक्याच जणांना मोठा रक्तस्राव झाला. जमेइतकाच खर्च! गोळी स्वस्त म्हणून कुचकामी, असेही नव्हे. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या तितक्याच साध्या औषधाने कृत्रिम श्वासावर असलेल्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले होते.

डेंग्यूत मात्र हा जमाखर्चही जुळत नाही. तेथे रक्तातील प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात. उरलेल्यांना ॲस्पिरिन निकामी करते, वर जठराचे अस्तरही दुखावते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने डेंग्यूच्या तापात पॅरासिटामॉलच द्यावे, ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावे, असे बजावले आहे. तरीही कोपऱ्यावरच्या दुकानात 'डोके दुखते, गोळी द्या' एवढ्यावर व्यवहार उरकतो. पावसाळ्यात आदिलाबादकडे काय किंवा आमच्या किनाऱ्यावर काय, विक्रेत्याने आधी 'ताप आहे का?' एवढे विचारावे, आणि तालुक्याच्या रुग्णालयांत डेंग्यूची रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी, ही आमची मागणी आहे. हृदयविकारासाठी जे रोज ॲस्पिरिन घेतात, त्यांनी ताप येताच ती परस्पर बंद करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना तसे सांगावे, कारण तिचा परिणाम शेवटच्या गोळीनंतरही आठवडाभर रक्तात राहतो.