हुनर एकच, मान वेगळा का?

हाताने घडवलेल्या काचेच्या दागिन्यांना सध्या चांगले दिवस आले आहेत. प्रदर्शनांत आणि मोबाइलवरच्या दुकानांत ‘निसर्गातून सुचलेली’ कानातली, माळा, पेंडंट दिसतात. कुणी पावसाच्या थेंबासारखा मणी करतं, कुणी बहाव्याचा पिवळा रंग काचेत पकडतं. मला हे मनापासून आवडतं. ज्योतीवर काचेची कांडी मऊ करायची, ती बारीक सळईभोवती फिरवत मणी घडवायचा आणि तडकू नये म्हणून सावकाश थंड करायचा, हे धीराचं काम आहे. त्याचे चांगले पैसे मिळायलाच हवेत.

माझा प्रश्न दुसरा आहे. काचेत ऋतू पाहणारे आणि तो आपल्या हातावर चढवणारे लोक आपल्या गल्लीत पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांना आपण कलावंत का म्हणत नाही?

हे लोक म्हणजे मनियार. या शब्दाचं मूळ संस्कृत ‘मणिकार’मध्ये आहे. उत्तरेत त्याचा ‘मनिहार’ झाला, आपल्याकडे ‘मनियार’. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून मुलांना हा शब्द मुद्दाम सांगते. महाराष्ट्रातल्या एका मुस्लिम जमातीचं नाव मण्यावरून पडलं आहे.

मनियाराच्या पेटीत दोन पंचांगं असतात. श्रावणात आणि लग्नसराईत हिरव्या बांगड्या लागतात, डोहाळजेवणालाही हिरव्याच. संक्रांतीला काळ्या साडीवर शोभणारे रंग लागतात. चांदरातीला तर बायका-मुलींची झुंबड. चांद्रवर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे ईद कधी उन्हाळ्यात येते, कधी पावसात, कधी थंडीत. साधारण 33 वर्षांत ती सगळ्या ऋतूंतून फिरून येते. कुठला रंग कधी भरायचा, हे मनियाराला त्याआधीच ठरवावं लागतं. हात नुसता दाबून पाहून माप सांगणं आणि घट्ट बांगडी न दुखवता चढवणं, हे कौशल्य वेगळंच. मराठीत बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. ज्या वस्तूला भाषा इतकं जपते, तिच्या कारागिराला आपण किती जपतो?

या बांगड्या बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवतात. क्रोमियम किंवा तांब्याच्या ऑक्साइडने काच हिरवी होते, कोबाल्टने निळी, मँगनीजने जांभळी. वितळलेल्या काचेची तार ओढून फिरत्या रुळावर गुंडाळली की स्प्रिंगसारखं वेटोळं तयार होतं. ते कापलं की कड्या सुटतात, पण त्यांची टोकं उघडी असतात. पुढचं काम वस्तीतल्या घराघरांत चालतं. ज्योतीवर कडी सरळ करायची, ती ‘सधाई’. टोकं सांधायची, ती ‘जुडाई’. ज्योत हलू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून बायका तासन्‌तास बसतात. मजुरी नगावर, तीही तुटपुंजी. लहान मुलांचे हातही या कामाला लागत आले आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. ताजमहालाला धुराचा त्रास होतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये त्या परिसरातल्या कारखान्यांना कोळसा सोडायला सांगितलं. संगमरवराची काळजी घेतली गेली, ते योग्यच झालं. जुडाई करणाऱ्या बाईच्या डोळ्यांची आणि फुप्फुसांची काळजीही तितक्याच तातडीने व्हायला हवी होती.

आपण काय करतो? ‘हस्तनिर्मित’ अशी चिठ्ठी लावलेलं कानातलं सांगितलेल्या किमतीला घेतो आणि मनियाराशी डझनामागे पाच रुपयांसाठी वाद घालतो. पहिलीला कला म्हणतो, दुसऱ्याला धंदा.

याचा परिणाम मी वर्गात बघते. वडील काय करतात, असं विचारलं की बांगड्या विकणाऱ्याचा मुलगा खाली मान घालून ‘बिझनेस’ म्हणतो. त्याला ही लाज आपणच शिकवली आहे, आणि त्यात आपला समाजही आला. अश्रफ-अजलाफची उतरंड इस्लामला मान्य नाही, हे आपण तकरीरीत ऐकतो. लग्न जमवताना मात्र मुलाच्या बापाचा धंदा आधी विचारतो.

सरकारने मजुरीचे दर आणि बालमजुरीचे कायदे नीट पाळून घ्यावेत, ही मागणी आहेच. पण शाळा आपल्या हातात आहे. कार्यानुभवाच्या तासाला गावातल्या मनियार चाचांना किंवा चाचींना पाहुणे म्हणून बोलवा. काच कशी होते, रंग कुठून येतो, माप कसं ओळखतात, हे त्यांच्याकडून ऐका. रसायनशास्त्र, भाषा आणि कालगणना एकाच पेटीतून शिकवता येते. त्या दिवशी त्यांना खुर्ची द्या आणि मानधनही द्या. त्यांचं मूल त्याच वर्गात बसलेलं असेल.

येत्या श्रावणात किंवा ईदला बांगड्या भराल तेव्हा भाव करू नका. भरणाऱ्याचं नाव मात्र विचारा.