मुंडाशाचे बक्षीस

जानेवारी लागला की आमच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागते. साडी डे, टाय डे, मग एखादी 'थीम' ठरवून समूहनृत्य. पोरे तास बुडवून तालीम करतात आणि आम्ही प्राध्यापक मंडळी लटकेच रागावतो. त्या वयात आम्ही तरी वेगळे काय केले?

ही 'थीम'ची हौस काही आजची नाही. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि मंदीने जग व्यापले. तिथला पौंडाला १६-१७ सेंट भावाचा कापूस १९३१ मध्ये ६ सेंटांच्या आसपास आला. आपल्या कापूसवाल्या मुलखालाही झळ लागली. भाव पडला, शेतसारा मात्र रोखीनेच भरायचा होता.

त्या दिवसांत अमेरिकेतल्या कॉलेजांत 'हार्ड टाइम्स डान्स' होत असत. हलाखीच्या दिवसांचा नाच! ही प्रथा मंदीच्या आधीपासूनची. मंदीत तिला वेगळाच अर्थ आला. मुलांनी ठिगळांच्या विजारी आणि मुलींनी साधे सुती झगे घालून यायचे. सर्वांत फाटका दिसेल त्याला बक्षीस, आणि कोणी नीटनेटका आलाच तर त्याला दंड. खर्च कमी, गंमत जास्त. संकटाला हसून तोंड देण्याची ही रीत मला पूर्वी फार आवडायची. पुढे एका प्रसंगाने माझे मत बदलले.

काही वर्षांपूर्वी संमेलनाची जबाबदारी माझ्याकडे होती. मुलांनी 'आमचे गाव' ही थीम सुचवली आणि मी आनंदाने मान डोलावली. त्या दिवशी गुडघ्यापर्यंत धोतर, ठिगळांचा सदरा, वेडेवाकडे मुंडासे, खांद्यावर पुठ्ठ्याचा नांगर अशी सोंगे आली. हशा आणि शिट्ट्यांनी मंडप दणाणला. सर्वांत मोठ्या मुंडाशाला परीक्षक म्हणून मीच पहिले बक्षीस दिले.

दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी ग्रंथालयात एकटाच दिसला. रोज खेड्यावरून सायकलने येणारा, हुशार. "काल अर्ध्यातूनच का गेलास रे?" मी विचारले. तो बराच वेळ पुस्तकाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, माहा बाप रोज असाच दिसते जी. तिथं सारे हासत होते."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. हसणाऱ्यांत मीही होतो. इतरांनी तो वेष संध्याकाळी उतरवून ठेवला. याच्या बापाला तो उतरवता येत नव्हता.

मंदीच्या काळातही असेच झाले असेल. नाच संपल्यावर ज्याच्या कपाटात दुसरा कोट होता, त्याचीच ती मौज. फी थकलेल्या मुलाला बक्षीस नको होते, काम हवे होते. १९३४ मध्ये रूझवेल्ट सरकारने गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजातच ग्रंथालयाची, प्रयोगशाळेची कामे दिली आणि महिन्याला सरासरी १५ डॉलर मिळू लागले. त्या पैशांवर कितीकांचे शिक्षण टिकले.

आपल्याकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्येच बोर्डिंग सुरू केले होते. तिथे सर्व जातींची गरीब मुले एका पंगतीत जेवत, स्वयंपाकासह सारी कामे स्वतः करीत आणि शिकत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये ती माउली गेली. तिने गरिबीचे ना सोंग केले, ना तिची लाज बाळगली. पोरांच्या ताटात भाकरी वाढली.

पुढल्या वर्षी आम्ही वेशभूषेचे बक्षीस बंद केले आणि 'आमचे गाव'साठी खेड्यावरच्या भजनी मंडळालाच बोलावले. खरीखुरी मुंडासी मंचावर बसली आणि पोरे खाली बसून टाळ्या वाजवू लागली. तो विद्यार्थीही त्यांत होता. मी त्याला काही विचारले नाही.

वाचकहो, पोरांना नाचू द्या, नटू द्या. तेच तर वय आहे. फक्त थीम ठरवताना एवढे पाहा, की आपण ज्या वेषाला हसणार आहोत, तो आपल्याच वर्गातल्या कुणाच्या बापाचा रोजचा वेष तर नाही ना?