पाहुण्यांच्या हाती किल्ल्या

या आठवड्यात एका महाविद्यालयाच्या ‘एकदिवसीय राष्ट्रीय आंतरविद्याशाखीय चर्चासत्रा’चं पत्रक व्हॉट्सॲपवर आलं. विषय ‘एकविसाव्या शतकातील आव्हाने’. कसली आव्हानं ते दिलेलं नाही, त्यामुळे वनस्पतिशास्त्रापासून वारकरी संप्रदायापर्यंत सगळ्यांची सोय झाली. निबंध पाठवण्याची शेवटची तारीख शुक्रवार, आणि विशेषांकाचं प्रकाशन पुढच्या मंगळवारी, उद्घाटनाच्याच व्यासपीठावर. शुल्क बाराशे रुपये, सहलेखकाचं वेगळं. मजकूर युनिकोड किंवा कृतिदेवमध्ये. आयएसएसएन आहे, ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ही आहे, तोही सातच्या वर. आणि ठळक अक्षरांत ‘पिअर रिव्ह्यूड’, म्हणजे शनिवार ते सोमवार कुणीतरी बसून शे-दीडशे निबंध वाचून काढणार. अतिथी संपादक शेजारच्या तालुक्यातले प्राचार्य. त्यांच्याकडे चर्चासत्र असेल तेव्हा इथले प्राचार्य तिकडे अतिथी संपादक असतात.

चर्चासत्रांवर मी पुन्हा घसरलो, असं नेहमीचे वाचक म्हणतील. घसरलो. पण चिडायला कारण वेगळं झालं. पत्रक पाठवणाऱ्या मित्राने खाली लिहिलं होतं, ‘यूजीसीने केअर यादी बंद केली, त्याची ही फळं.’

काय सांगता! मान्य नियतकालिकांची ती यादी होती तेव्हा ही पत्रकं येत नव्हती का? येत होती, फक्त त्यांवर ‘केअर लिस्टेड’ असा आणखी एक शिक्का असायचा. याद्यांबद्दल एवढंच सांगतो. मे 2018मध्ये यूजीसीने स्वतःच मान्य केलेल्या यादीतून 4,305 नियतकालिकं एका फटक्यात काढली. मग नियतकालिकं पारखून नवी यादी करायला पुणे विद्यापीठात केअरचा कक्ष आला. त्यातली माणसं प्रामाणिक होती, कष्टाळू होती. तरी यादीतल्या चांगल्या नियतकालिकांच्या नावाने बनावट संकेतस्थळं उघडली गेली आणि अखेर केअरला तोतयांचीच एक वेगळी यादी लावावी लागली. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या एका तोतयाने पुण्याला किती घोर लावला होता! इथे तर रांगच लागली. फेब्रुवारी 2025मध्ये यूजीसीने केअर बंद झाल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिकं पारखण्याचं काम मार्गदर्शक निकषांसह विद्यापीठं-महाविद्यालयांकडे सोपवलं.

मित्राच्या म्हणण्यात गृहीत असं, की हे सगळं तालुक्याच्या गावी घडतं. मोठ्या, परदेशी, नाव असलेल्या प्रकाशकांकडे संपादक डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. त्याला मी हिंदावीचं उदाहरण देतो, आणि ते जरा सविस्तर देतो.

हिंदावी ही 1997मध्ये कैरोत सुरू झालेली प्रकाशनसंस्था. वाचकाला सगळं फुकट. पैसे लेखकाने द्यायचे, निबंध स्वीकारला गेला की. दर दोन हजार डॉलरच्या घरात. जानेवारी 2021मध्ये वायलीने ती 29.8 कोटी डॉलरना विकत घेतली. वायली म्हणजे 1807पासूनचं अमेरिकी घराणं, ग्रंथालयात ज्यांच्या पुस्तकांना आपण हात धुऊन हात लावायचो. हिंदावीचा मोठा धंदा होता विशेषांकांचा. बाहेरचा कुणी विषय सुचवतो, अतिथी संपादक होतो, परीक्षक नेमतो, निबंध स्वीकारतो. कायमचा संपादक बाजूला. जितके विशेषांक तितके निबंध, आणि जितके निबंध तितके डॉलर.

यात कोण घुसलं असेल? पेपर मिलवाले. तयार निबंध आणि त्यावरची लेखकांची जागा विकणारे दलाल. त्यांनी अतिथी संपादक आपला बसवला, परीक्षक आपले बसवले, आणि माल एका दाराने आत घेऊन दुसऱ्या दाराने छापून बाहेर काढला. चोरी लपवायला मूळ वाक्यातले शब्द सॉफ्टवेअरने बदललेले. असल्या बदलाचे मासले फ्रान्समधल्या गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021पासून गोळा करून मांडले आहेत. ‘कृत्रिम बुद्धिमत्ते’च्या जागी ‘नकली जाणीव’, ‘स्तनाच्या कर्करोगा’च्या जागी ‘उराचं संकट’, अशा थाटाचे. हे एकाही परीक्षकाला खटकू नये, याचा अर्थ उघड आहे.

2022च्या अखेरीस विशेषांक थांबवावे लागले. मार्च 2023मध्ये क्लॅरिव्हेटने हिंदावीची 19 नियतकालिकं वेब ऑफ सायन्स या आपल्या निवडक नियतकालिकांच्या सूचीतून काढली. त्या एका वर्षात हिंदावीने आठ हजारांहून जास्त निबंध मागे घेतले, पुढे एकूण आकडा 11,300च्या वर गेला, आणि वायलीने हिंदावी हे नावच पुसून टाकलं. निबंध मागे घेतल्याच्या सूचनासुद्धा पाहण्यासारख्या आहेत. हजारो निबंधांना तीच ती सूचना, त्याच शब्दांत. आपल्या 2018च्या वाङ्मयचौर्य नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ आहे. या सूचना त्या सॉफ्टवेअरमधून काढल्या तर लागलीच साठ टक्क्यांच्या वरच्या कोठडीत जातील.

आता पत्रकातलं चर्चासत्र शेजारी ठेवून पाहा. शुल्क आहे. विशेषांक आहे. पाहुणा आहे आणि किल्ल्या त्याच्या हातात आहेत. परीक्षक कोण ते कुणी विचारत नाही. निबंध नाकारला तर आयोजकाचं नुकसान, स्वीकारला तर फायदा. फरक चलनाचा आणि छपाईच्या कागदाचा. वायलीची माणसं यावर म्हणतील, आम्ही निदान निबंध मागे घेतले. खरं आहे, आणि ते कमी नाही. पण हिंदावी ही संपादकांच्या ‘कोप’ या आचारसंहितावाल्या संस्थेची सदस्यही होती. आचारसंहिता भिंतीवर होती आणि खालून माल जात होता.

शिक्षेचं मात्र बघा. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसंस्थेवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2016मध्ये खटला भरला. खोटं परीक्षण, न विचारता छापलेली संपादकांची नावं, स्वीकारल्यानंतर कळणारं शुल्क असे आरोप. मार्च 2019मध्ये पाच कोटी एक लाख डॉलर भरण्याचा आदेश झाला. योग्यच झालं, मला ओमिक्सबद्दल काडीची माया नाही. वायलीने कुणाला फसवलं असंही मी म्हणत नाही, फसली तीच. पण फाटक सताड उघडं कुणी ठेवलं होतं? आपल्या केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये, देशभरच्या विद्यापीठांसाठी नियतकालिकं घेण्याच्या तीन वर्षांच्या 6,000 कोटींच्या योजनेत, तीस प्रकाशकांच्या पंगतीला वायली आहेच. ते पैसे हिंदावीसाठी नाहीत, हिंदावी वाचायला फुकटच होती. पण वाटाघाटीच्या टेबलावर ‘आमच्याकडून निबंध घेताना तुमचा पाहुणा कोण असेल’ हे कुणी विचारलं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. साहेबाला कसं विचारायचं!

नुकसान कुणाचं जास्त, यावर मी मित्राशी भांडलो. तालुक्याचा विशेषांक कुणी वाचत नाही, त्यामुळे विज्ञानाला त्याची इजा शून्य. हिंदावीतले वैद्यकाचे बोगस निबंध पुढच्या निबंधांत उद्धृत झाले, ते निस्तरायला वर्षं जातील. पण ते बाराशे रुपये कुणाच्या खिशातले? कायम प्राध्यापकाला कॅसच्या, म्हणजे बढतीच्या फायलीत, स्थाननिश्चितीसाठी, एक कागद हवा असतो. त्याला बाराशे म्हणजे काही नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलगी, जिचं मानधन सहा-सहा महिने निघत नाही, तीही भरते. मुलाखतीला फाईल जाड दिसावी म्हणून. पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती यूजीसीने 2022मध्ये काढली, पण बढती आणि भरतीतली मोजदाद तशीच ठेवली. ती काढा, मी पैजेवर सांगतो, यातली निम्मी नियतकालिकं पुढच्या दिवाळीपर्यंत गाशा गुंडाळतील.

त्याऐवजी काय आलं? विद्यापीठं-महाविद्यालयांची राष्ट्रीय क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफने 2025पासून मागे घेतलेल्या निबंधांबद्दल गुण कापायला सुरुवात केली. हेतू चांगला. पण ही मोजणी स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधल्या निबंधांची. मंगळवारी व्यासपीठावर रंगीत कागदातून निघणारा विशेषांक त्या दोन्हींत नाही, आणि त्यातला निबंध आजवर कुणी मागे घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. तेव्हा एनआयआरएफच्या वहीत त्याचा एक गुणही कापला जाणार नाही, कॅसच्या फायलीत मात्र तो मोजला जाईल.