जिचा तिचा निर्णय

देवरुखच्या जोशांच्या घरातल्या दोन बहिणी. थोरली गोदूबाई, जिचा नवरा संसार म्हणजे काय हे कळायच्या आत गेला. धाकटी पार्वती विशीत विधवा झाली, तेव्हा पदरात मुलगा होता. भाऊ नरहरपंतांनी हिंमत करून गोदूबाईंना मुंबईला आणलं आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातलं. सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात तिने भावाच्या मित्राशी, धोंडो केशव कर्व्यांशी, पुनर्विवाह केला. ती आनंदीबाई झाली, सगळ्यांची बाया. पार्वतीबाई आठवल्यांनी मात्र पुन्हा लग्न केलं नाही.

महर्षी कर्व्यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं, ते डगमगले नाहीत, पुढे भारतरत्न झाले. त्या गोष्टीत या दोन बहिणी बाजूला उभ्या असतात. मला वाटतं, प्रेमाचं आणि आयुष्याचं काय करायचं हा प्रश्न घरातल्या बायका कसा सोडवतात हे समजून घ्यायचं, तर आधी यांच्याकडे पाहावं.

१८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. लोकांच्या मनात एकच धास्ती होती : इथे मुलगी पाठवली की तिचं परस्पर लग्न लावून देतील. ती धास्ती घालवायची म्हणून शिक्षण आणि पुनर्विवाह ही दोन कामं वेगळी ठेवली गेली. याचा भार पडला बायांवर. त्या पुनर्विवाहित, म्हणून विधवांसाठी काढलेल्या त्या संस्थेपासून त्यांना लांब राहावं लागलं. पार्वतीबाई मात्र संस्थेच्या आधारस्तंभ झाल्या, गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करू लागल्या. म्हणजे समाजाने जिला नाकारलं तिच्यासाठीच नवऱ्याने संस्था काढली, आणि त्या संस्थेच्या भल्यासाठी तिलाच बाहेर थांबायला लागलं. घरात चार मुलं, पाहुणे, शिकायला राहिलेली पोरं, आणि पैसा सतत संस्थेकडे वळणारा. बायांनी 'माझे पुराण' या आत्मकथनात आपली बाजू सांगून ठेवली आहे. ज्यांना थोर पुरुषाच्या घरी चूल कशी पेटते हे जाणून घ्यायचं असेल, त्यांनी ते पुस्तक जरूर मिळवून वाचावं.

आणि पार्वतीबाई? त्यांनी लग्न केलं नाही म्हणून त्या जुन्या वळणाच्या, असं कुणी म्हणेल तर तेही खरं नव्हे. विधवापणाला वीसेक वर्षं उलटून गेल्यावर, १९१२ साली, त्यांनी वपन थांबवलं, केस वाढवले, विधवेचा वेष टाकला. वयाची चाळिशी ओलांडलेल्या, गावोगाव ओळखल्या जाणाऱ्या बाईने हे करायचं म्हणजे किती डोळे अंगावर घ्यायचे! लग्नासाठी केलं असतं तर लोकांना निदान कारण तरी कळलं असतं. त्यांनी केलं ते फक्त स्वतःला पटलं म्हणून. मग १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. तोडकंमोडकं इंग्रजी, हाताशी पैसा नाही, तेव्हा लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या.

एका बहिणीने लग्नातून वाट काढली, दुसरीने लग्नावाचून. दोघी एकाच काळातल्या, एकाच घरातल्या. आपण स्त्रियांच्या प्रगतीची गोष्ट पायरीपायरीने सांगतो, आजीपेक्षा आई सुटी, आईपेक्षा मुलगी सुटी. या घरात ती पायरी कुठे दिसतच नाही. प्रत्येकीसमोर तिचा अडसर नव्याने उभा राहतो, आणि तो कधी कधी सुधारकच उभा करतात.

इरावतीबाईंचंच पाहा. बायांचा मुलगा दिनकर, त्याची ही बायको. ब्रह्मदेशात जन्मलेली म्हणून तिथल्या नदीचं नाव मिळालेली, पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरी त्यांच्या मुलीबरोबर, शकुंतलेबरोबर, वाढलेली. तिला १९२८ साली बर्लिनला शिकायला जायचं होतं, तेव्हा विरोध कुणी केला? महिला विद्यापीठ काढणाऱ्या सासऱ्यांनी. दिनकररावांनी वडिलांचं ऐकलं नाही. इरावतीबाई १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. पुढे त्या नवऱ्याला 'दिनू' म्हणत, कुंकू-मंगळसूत्राचा आग्रह त्यांनी ठेवला नाही, पुण्यात स्कूटर चालवली. हे सगळं आपण कौतुकाने सांगतो. मला त्याहून मोलाची वाटते ती दिनकररावांची एक सवय : बायको कामाला निघाली की तिच्या पर्समध्ये पुरेसे पैसे आहेत ना, हे ते बघायचे. प्रेमाचा इतका साधा, इतका कामाचा पुरावा मी क्वचित वाचला आहे.

याच इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये द्रौपदीचा शेवट लिहिला. हिमालयात पडलेल्या द्रौपदीजवळ भीम थांबतो आणि आपल्यावर खरं प्रेम कुणाचं होतं हे तिला तेव्हा कळतं. हा भाग व्यासांचा नाही, आपला आहे, हे त्यांनी उघडपणे सांगितलं. एवढी शिस्तीची संशोधक, पण प्रेमाबद्दल बोलायचं तेव्हा पुराव्याची चौकट ओलांडायला कचरली नाही.

त्याच घरात दुसऱ्या सुनेने, र. धों. कर्व्यांच्या मालतीबाईंनी, मूल नको हा निर्णय नवऱ्याबरोबर घेतला आणि लोकांनी त्याच्या संततिनियमनाच्या कामावर चिखल उडवला तेव्हा नोकरी करून संसार चालवला. इरावतीबाईंना तीन मुलं. शकुंतला परांजपे यांचं रशियन चित्रकाराशी लग्न झालं, ते टिकलं नाही, मुलीला घेऊन त्या घरी आल्या; ती मुलगी म्हणजे सई परांजपे. याच शकुंतलाबाई १९३७ च्या 'कुंकू' चित्रपटात म्हाताऱ्या वराच्या मुलीच्या भूमिकेत आहेत, आपल्याहून लहान सावत्र आईची बाजू घेणाऱ्या.

आणि मग इरावतीबाईंची धाकटी मुलगी, गौरी देशपांडे. 'एकेक पान गळावया' १९८० साली आलं. इरावतीबाई १९७० मध्येच गेल्या होत्या, लेकीचं हे पुस्तक त्यांच्या हातात पडलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. गौरीच्या नायिकांचा नवरा बहुतेक वेळा बरा असतो, कधी कधी तर खूप चांगला. मारझोड नाही, सासुरवास नाही. तरी ती बाई विचारते, एवढंच का? बायांच्या काळी हा प्रश्न कुणी काढला असता तर त्याला डोकं फिरल्याचं लक्षण मानलं असतं. पण तो प्रश्न खोटा ठरत नाही. पोट भरल्यावरच कळणाऱ्या भुका असतात.

माझ्या आईने ते पुस्तक बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं. वाचनालयाचा शिक्का असलेली, कोपरे दुमडलेली प्रत ती पर्समधून न्यायची आणि घरी आल्यावर परत पर्समध्येच ठेवायची. आजी घरात होती. आजीने आयुष्यात आजोबांचं नाव घेतलं नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच. आईचं लग्न ठरवून झालं, पण पगार स्वतःच्या खात्यात ठेवायचा हे तिने पहिल्याच महिन्यात ठरवलं, आणि त्यावरून झालेल्या अबोल्याची आठवण घरात अजून निघते. आजी त्या अबोल्यात कुणाच्या बाजूने होती ते तिने सांगितलं नाही. रोज सकाळी सुनेचा डबा मात्र तीच भरायची.

आता माझी मुलगी एका मुलाबरोबर राहायला जाते आहे. लग्न करणार का, तर सध्या नाही. मला हे जड गेलं, हे मी लपवत नाही. 'तुझ्या आजीने, पणजीने किती सोसलं तेव्हा तू इथवर आलीस' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. आपल्याकडे ते घरोघरी म्हटलं जातं. पणजीचं सोसणं पणतीच्या नावे कर्ज म्हणून मांडायचं आणि ते तिने आज्ञाधारकपणाने फेडायचं. मला हा हिशोब मान्य नाही. पार्वतीबाई अमेरिकेत भांडी घासत होत्या त्या गौरीने अमुक प्रकारे जगावं म्हणून नव्हे. त्यांना स्वतःला तसं जगायचं होतं.

मोठ्यांनी काळजी करू नये असं मी म्हणत नाही. काळजी वाटतेच, आणि वाटायला हवी. पण तिने काय ठरवावं यावर जेवढी शक्ती आपण खर्च करतो, त्याच्या निम्मीसुद्धा तिने ठरवलेलं नीट पार पडावं म्हणून करत नाही. नरहरपंतांनी बहिणीला मुंबईला आणलं. दिनकररावांनी पर्स तपासली. आमच्या आजीने डबा भरला. या माणसांनी मतं काय मांडली ते मला नीटसं ठाऊक नाही.

मुलीने माझ्या आईला सांगितलं त्या दुपारी आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "स्वयंपाक कोण करणार?" मुलगी म्हणाली, "दोघं." आईने पुढचा प्रश्न टाकला, "आणि भाड्याच्या करारावर कोणाचं नाव आहे?" फक्त त्याचं होतं. आई ताठ बसली. पस्तीस वर्षं बँकेत काढलेली बाई ती. "दोघांची नावं घाला," ती म्हणाली, "अनामत रक्कम कुणी किती भरली तेही लिहून घ्या. तुझा अर्धा वाटा तुझ्याच खात्यातून जाऊ दे, रोख देऊ नकोस." २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरोधी कायद्यात लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे, हे तिला माहीत होतं; मला वाटलं नव्हतं तिला माहीत असेल. मुलगी फोनमध्ये टिपून घेत होती. करार पुढच्या आठवड्यात नव्याने होतो आहे, आणि त्याचा मसुदा आधी आपल्याला दाखवायचा, अशी आईची ताकीद आहे.