देवळालीची बीअर, सूर्यमाळचा मोह

शुक्रवारी सहा वाजले की ऑफिसात एकच प्रश्न फिरतो, 'आज कुठे?' उत्तरही ठरलेलं. तोच कोपऱ्यावरचा बार, तीच बाटली, चकन्याला तेच मसाला शेंगदाणे. अरे यार, महिनाभर राबून पगार मिळवायचा आणि ग्लासात काय, तर नुसता गारवा? या शुक्रवारी जरा चवीचं बघू.

आपल्याकडे क्राफ्ट बीअरची गोष्ट सुरू झाली पुण्यात. 2009 मध्ये 'डूलाली' आली, राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी. नाव ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच, ती आपली देवळाली! मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत ब्रिटिश सोल्जर तिथल्या छावणीत कंटाळून जायचे. त्यांच्या बोलीत 'डूलाली' म्हणजे डोक्यानं सटकलेला. पुढे ही मंडळी अंधेरीमार्गे मुंबईत शिरली. गेटवे ब्रुइंगनं तर थेट डोंबिवलीच्या एमआयडीसीत बीअर बनवायला घेतली. डोंबिवलीकरांनो, कॉलर टाइट!

आता चांगला बार ओळखायचा कसा? नळ किती आहेत, हे मोजत बसू नका. वीस नळ आणि गिऱ्हाईक चार, म्हणजे बीअर पिंपात शिळी होणार. त्यापेक्षा सरळ विचारा, 'यातलं ताजं काय? पिंप कधी उघडलं?' उत्तर पटकन आलं तर बसा. वेटर आत विचारायला गेला आणि परतलाच नाही, तर उठा. पूर्ण ग्लास मागवण्याआधी घोटभर चव मागा. त्यात कसली लाज? आंबे घेताना फोड मागतोच ना आपण! पहिल्यांदाच पिणार असाल तर बेल्जियन विट घ्या. गव्हाची बीअर, त्यात संत्र्याची साल आणि चक्क धणे. कडू आवडत असेल तर आयपीए. आणि हो, आपल्या राज्यात बीअरला वय 21 लागतं, कडक दारूला 25.

आता एक प्रश्न. या बोर्डवर सगळीकडे 'लोकल' लिहिलेलं असतं. पण लोकल म्हणजे नक्की कुठलं?

देवळालीच्या दिशेनं जाणारी गाडी पकडा आणि कसाऱ्याला उतरा. तिथून खोडाळ्यामार्गे मोखाड्यातलं सूर्यमाळ गाठता येतं. पालघर जिल्ह्यातलं हे थंड हवेचं ठिकाण. मुंबईकरांना ते पावसाळ्यात, सेल्फीपुरतं आठवतं. पण मार्च-एप्रिलमध्ये या भागात मोहाची फुलं गळतात. मांसल, पिवळसर, चवीला गोड. पहाटे झाडाखाली जाऊन घरची माणसं ती वेचतात, वाळवतात. त्यांची दारू होते हे आपल्याला माहीत असतं. पण तीच फुलं टंचाईच्या दिवसांत पोटालाही आधार देतात, हे आपल्या गावी नसतं.

1892 मध्ये इंग्रज सरकारनं 'म्हौरा ॲक्ट' आणला आणि ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं गोळा करण्यावरच बंधनं घातली. सरकारला महसूल हवा होता. घरची दारू बंद झाली तरच गुत्त्यावरची खपणार, हा साधा हिशोब. दारूबरोबर आदिवासींच्या ताटातलं अन्नही कायद्यात अडकलं. स्वातंत्र्य आलं, पण 1949 च्या दारूबंदी कायद्यानंही मोहफुलांना मोकळं सोडलं नाही. राज्य सरकारनं फुलं गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची बंधनं उठवली ती थेट 2021 मध्ये.

आणि आता? गोव्याच्या 'डेस्मंडजी'नं 2018 मध्ये मोहाची दारू बाटलीत आणली. पाठोपाठ 2024 मध्ये आपल्या पालघरातल्याच, डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजची 'सिक्स ब्रदर्स महुरा' आली. पेज थ्रीवाल्या बारमध्ये मोहाची कॉकटेल्स! ज्या फुलासाठी आदिवासी बाईनं पोलिसांना घाबरायचं, त्याच फुलाला आपण 'क्राफ्ट' म्हणत टिप देणार.

म्हणून पिऊ नका, असं म्हणत नाही. उलट प्या, परवानाधारक ठिकाणीच प्या. गावठी फुग्याच्या नादाला लागू नका. 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. आणि सूर्यमाळच्या घाटात गाडी चालवणार असाल, तर त्या दिवशी फक्त चहा.

फक्त बारटेंडरला एक प्रश्न जास्तीचा विचारा. 'हॉप्स कुठले?' हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, 'मोह कुठला? वेचणाऱ्याला काय मिळालं?' कदाचित तो गडबडेल. पण दहा टेबलांवरून हाच प्रश्न आला, तर मालकाला उत्तर शोधावंच लागेल. गिऱ्हाईक म्हणून एवढी पॉवर आपल्या हातात नक्की आहे.

चिअर्स!