धनको कोण, ऋणको कोण?

३१ मार्च २०२१ रोजी केंद्रीय अर्थखात्याने अल्पबचतीवरील व्याजदर उतरविले. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर ७.१ वरून ६.४ टक्क्यांवर आला आणि पोस्टातील बचत खात्याचा ४ वरून ३.५ टक्क्यांवर. दुसऱ्याच दिवशी सकाळी, आदेश नजरचुकीने निघाला असे सांगून तो मागे घेण्यात आला. बंगाल, आसाम आदी राज्यांत तेव्हा विधानसभेच्या निवडणुका चालू होत्या, हे येथे नमूद केलेले बरे.

दर उतरविण्याची निकड मात्र खोटी नव्हती. महामारीच्या त्या वर्षात केंद्र व राज्ये यांचे एकत्रित कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८९ टक्क्यांवर गेले होते, आणि एवढा मोठा ऋणको स्वस्त पैसा शोधणारच. तो त्याला देतो कोण? सरकारचे बहुतेक कर्ज देशातीलच आहे. बँकांना ठेवींचा ठराविक हिस्सा सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. आयुर्विम्याचे हप्ते आणि भविष्य निर्वाह निधीची वर्गणी यांचाही मोठा भाग तिकडेच वळतो. शिक्षक आणि कारकून हे, त्यांना ठाऊक असो वा नसो, सरकारचे सावकार आहेत.

यावर काही अर्थशास्त्रज्ञ सांगतात की, हे देशाने स्वतःलाच दिलेले कर्ज आहे. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेला. परंतु हे खिसे एकाच अंगरख्याचे नाहीत. २०२०-२१ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ६.२ टक्के होती आणि मोठ्या बँकांत वर्षाच्या ठेवीवर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. म्हणजे निवृत्त मास्तरांची ठेव व्याजासह घटली. त्याच महागाईने सरकारच्या जुन्या कर्जाचा भार हलका केला. दुसरीकडे, २०२३-२४ मध्ये केंद्राच्या महसुलातील रुपयामागे सुमारे ३९ पैसे व्याजापोटी गेले. त्या रुपयात शेतमजुराने साबणावर भरलेला करही आहे. त्याच्यापाशी ना रोखे, ना ठेव. शाळा आणि दवाखाना यांवरील खर्चाला कात्री लागली, तर तीही प्रथम त्यालाच जाणवते.

केवळ व्याजदर वाढवा म्हणणे हा यावर उपाय नव्हे. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत भविष्य निर्वाह निधीवर १२ टक्के मिळत; मध्यमवर्गाला त्याची आठवण गोड वाटते, पण ते व्याजही तिजोरीतूनच जात होते. आज चिंता आहे ती धनकोच्या कुवतीची. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर घसरली. जवळजवळ पाच दशकांतील हा नीचांक. कुटुंबेच कर्ज काढू लागली, तर सरकारला आणि उद्योगांना पुरवायचे कोणी?

२०१८ च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे केंद्र व राज्यांचे मिळून कर्ज २०२४-२५ अखेर ६० टक्क्यांवर यावयाचे होते. ती मुदत टळली. प्रमाण ८० च्या आसपासच राहिले. त्यानंतर २०२५ च्या अर्थसंकल्पासोबत मार्च २०३१ पर्यंत ५० टक्क्यांचे नवे उद्दिष्ट मांडण्यात आले. ते केवळ केंद्राच्या कर्जापुरते आहे. राज्यांचे कर्ज त्यात धरलेले नाही.